नटांवरचं लाल नेलपेंट

मी संशयी बाई आहे, आणि त्याचाच पगार घेते. आयर्लंडच्या आग्नेय भागात एका हॉस्पिटलमध्ये मी भूल देणारी डॉक्टर आहे. सकाळी पहिला पेशंट टेबलावर यायच्या आत मी भुलीचं मशीन तपासते. टेक्निशियनने ते आधीच तपासून सही केलेली असते. तरी मी नळ्या ओढून बघते, सिलिंडर उघडून बघते, अलार्म वाजवून बघते. नवीन डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगते की दुसऱ्याच्या सहीवर पेशंटला झोपवायचं नाही. ते मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की एकमेकांकडे बघून हसतात, हेही मला माहीत आहे.

रविवारी मात्र मी सहा वर्षं स्टॉक कार चालवली. डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात गणपतीत भेटणाऱ्या बायकांना हे सांगितलं की त्या विचारायच्या, “म्हणजे फॉर्म्युला वन?” मग मी फोटो दाखवायचे आणि विषय बदलायचा. फोटोत एक चेपलेली जुनी गाडी असायची. काचा नाहीत, आतल्या सीटा काढलेल्या, चालकाभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा, पुढेमागे जाड बंपर. पाव मैलाच्या डांबरी ट्रॅकवर अशा वीसेक गाड्या एकदम सुटतात, गोल गोल पळतात आणि एकमेकींना ढकलतात. ढकलणं नियमात बसतं.

या नादाला मला लावलं आमच्या ऑपरेशन थिएटरच्या पोर्टरने. पेशंटच्या ट्रॉल्या ढकलणारा हा माणूस रविवारी गाड्या ढकलायचा. एकदा तो मला वॉटरफोर्डच्या बाजूला, कुरणांच्या मधोमध असलेल्या ट्रॅकवर घेऊन गेला. “बसून बघ, ग्रँड वाटेल,” म्हणाला. इथे गाडी उलटून छतावर पडली तरी सगळं ग्रँडच असतं. पण मी बसले, आणि महिन्याभरात त्याचीच एक जुनी गाडी घेतली.

गाडीच्या छताचा रंग म्हणजे चालकाची इयत्ता. नवख्याचं छत पांढरं, मग पिवळं, निळं आणि शेवटी लाल. पांढरे सगळ्यात पुढून सुटतात, लाल सगळ्यात मागून. पहिल्याच हंगामात, सप्टेंबरच्या एका रविवारी, मी पांढऱ्या छताची शर्यत जिंकले. हेल्मेट काढल्यावर पोर्टरने मला उचलूनच घेतलं. माझं छत पिवळं झालं. आणि पुढची पाच वर्षं ते पिवळंच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा आले. बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत लाल बसचे मेकॅनिक होते. आई गेल्यापासून ते दरवर्षी तीन महिने माझ्याकडे राहतात. पहिल्यांदा शर्यत बघायला आले त्या दिवशी एका निळ्या छताने मला भिंतीवर नेऊन घातलं. मी हसत बाहेर आले. कोपराला खरचटलं होतं, तेवढंच. बाबा हसले नाहीत. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, चेपलेल्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, “इंजिनाचा आवाज बराबर न्हाई. उद्या खोलून बघतो.”

त्यांनी घरामागच्या शेडमध्ये इंजिन खोललं, धुतलं, परत बसवलं. पंधरा दिवस ते जेवायला हाक मारल्याशिवाय आत येत नसत. त्यानंतर गाडी अशी मऊ वाजायला लागली की पोर्टरसुद्धा बोनेटपाशी कान लावून उभा राहिला. तेव्हापासून गाडी बाबांची आणि स्टेअरिंग माझं अशी वाटणी झाली. ते परत जाताना बजावून जायचे, “चाकं बदला, पत्रा ठोका, पर इंजिनाला कुणाचा हात लागू द्यू नको.” मी लागू दिला नाही.

आणि मी हरायला लागले. वळणावर मी कोणालाही ऐकत नव्हते, पण सरळ पट्टा आला की माझ्या दोन्ही बाजूंनी गाड्या निघून जायच्या. ज्यांना मी पांढऱ्या छताखाली धूळ चारली होती तेही. पहिलं वर्ष मी म्हटलं, वरच्या इयत्तेत आलेय, असं व्हायचंच. दुसऱ्या वर्षी माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी मी गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर संशय घेतला. शर्यतीआधी तो प्रत्येक इंजिनावर सील लावतो. काही लोकांच्या गाडीपाशी तो फार वेळ गप्पा मारायचा आणि फार कमी वेळ वाकायचा, असं मी घड्याळ लावून पाहिलं. मग आयोजकावर. बाहेरची बाई जिंकली तर त्याच्या गिऱ्हाइकांना रुचेल का? आपण काळ्या आहोत म्हणून असेल का, हाही विचार केला. परदेशात राहणाऱ्या माणसाला हा संशय खिशात ठेवावाच लागतो, कधीकधी तो खरा निघतो. मग टायर विकणाऱ्यावर. एकदा तर ट्रॅकवरच्या चहावालीवर, कारण तिचा नवरा निळ्या छताखाली होता आणि ती मला फार प्रेमाने हाक मारायची.

तिसऱ्या वर्षी मी नेलपेंट आणलं. लाल भडक. नट आवळला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायची. कोणी नट फिरवला तर रेघ तुटते आणि चोर सापडतो. ही युक्ती मी स्वतः शोधली असं मला वाटलं होतं. बाबा म्हणाले, डेपोत ते पिवळ्या रंगाने हेच करायचे. शनिवारी मी बहुधा ड्यूटीवर असायचे, म्हणून बाटली त्यांच्याच हाती दिली. रविवारी ट्रॅकवर पोचलो की मी बोनेट उघडून रेघा बघायचे. सगळ्या शाबूत. शर्यतीनंतर परत बघायचे. शाबूत. रेघा शाबूत आणि गाडी मात्र सरळ पट्ट्यावर दमेकऱ्यासारखी. मला वेड लागायची पाळी आली होती.

चौथ्या वर्षी मी अशी वागले की आजही आठवलं तर लाज वाटते. पोर्टर माझ्या गाडीचं चाक बदलायला मदत करत होता. मधेच तो बोनेट उघडून वाकून बराच वेळ आत बघत राहिला. मी तडक गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, “इतकी वर्षं माझ्या गाडीला तूच काहीतरी करतोयस ना?” तो सरळ उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाना घेऊन उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. मग हात पुसले आणि निघून गेला. त्यानंतर थिएटरमध्ये तो मला “डॉक्टर” म्हणायला लागला. आधी नावाने हाक मारायचा.

बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना इंग्रजी समजलं नसेल.

माइक माझ्याकडे आला तो एका बिघाडामुळे. सहाव्या हंगामाच्या सुरुवातीला माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि त्याच रविवारी समालोचकाचा घसा बसला. शर्यती इंटरनेटवरून थेट दाखवतात, तेव्हा कोणीतरी बोलायला हवं होतं. आयोजक म्हणाला, “तू तशीही सगळ्यांबद्दल बोलतच असतेस, तर माइकवर बोल.” मी बोलले. पिवळ्या छताचा अमुक नंबर ब्रेक लवकर दाबतोय, त्याचा उजवा टायर गेलाय बहुतेक. निळी गाडी आतून येणार असं दाखवतेय पण ती बाहेरूनच जाईल, बघा. आणि ती बाहेरून गेली. पाच वर्षं डोळ्यांत तेल घालून मी या लोकांवर पाळत ठेवली होती. कोण कुठे घाबरतो, कोण कुठे लबाडी करतो, सगळं पाठ होतं. लोकांना ते आवडलं. हंगाम संपता संपता एका स्थानिक रेडिओनेही रविवारी संध्याकाळची पंधरा मिनिटं दिली.

मग आयोजकाने सांगितलं, समालोचन कायमचं घे, पण गाडी सोडावी लागेल. चालवणारीनेच बोलणं बरं दिसत नाही. मला लगेच वाटलं, बघा, मला ट्रॅकवरून उचलायचा डाव. घरी येऊन बाबांना फोन केला. ते म्हणाले, “घे की. आवाज चांगला हाय तुझा. घे.” इतक्या पटकन बाबा कधी कशाला हो म्हणत नाहीत. तेवढंही माझ्या लक्षात आलं आणि मी ते सोडून दिलं. जगात एक माणूस तरी असा लागतो ज्याच्याबाबतीत आपण डोकं चालवत नाही.

गाडी मी विकली. घेणारी किलकेनीच्या बाजूची, घरी दुभत्या गाईंचा मोठा गोठा असलेली, चाळिशीची बाई. गाडीत बसून पाहिलंही नाही तिने, नुसती खाली वाकून बघितली आणि म्हणाली, “स्वच्छ ठेवलीय हो.”

पुढच्या जुलैत बाबा आले आणि समालोचनाच्या खोलीत माझ्या शेजारी बसायला लागले. खोली म्हणजे मचाणावर ठेवलेली लाकडी पेटी, पुढे काच. संगणक फेऱ्या मोजतो, पण तो मधेच बंद पडतो म्हणून हातानेही लिहायच्या असतात. ते काम बाबांनी घेतलं. गाड्या रेषेवरून जातील तसे भराभर नंबर वहीत. एखादा नंबर धुरामुळे नीट दिसला नाही तर त्यापुढे बारीक ठिपका. डेपोतली सवय. ठिपका म्हणजे याची खात्री नाही. त्यांची वही आयोजकाला इतकी पसंत पडली की तो संगणक चालू असतानाही तीच मागायचा.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी किलकेनीवाली पहिल्यांदा शर्यतीत उतरली. माझीच गाडी, छत फक्त पांढरं केलेलं. शर्यत सगळ्या रंगांची होती. पुढून सुटूनही पहिल्या वळणांवर ती नवखी म्हणून मागे पडली, पण चौथ्या फेरीला सरळ पट्ट्यावर दोन पिवळ्यांच्या पुढे गेली. मी माइकवर म्हटलं, वाऱ्याची साथ मिळाली असेल. पाचव्या फेरीला एका निळ्याच्या पुढे. सातव्या फेरीला ती पट्ट्यावरून अशी गेली की माझं वाक्य अर्धवट राहिलं. ज्या पट्ट्यावर मी पाच वर्षं मार खाल्ला त्याच पट्ट्यावर माझी गाडी लाल छताला मागे टाकत होती. मला बोलायचं होतं, लोक ऐकत होते, म्हणून मी बोलत राहिले. ती जिंकली. मी विजेत्याचा नंबर सांगितला. तो माझाच जुना नंबर होता.

फेऱ्यांची खात्री करायला मी बाबांच्या वहीकडे पाहिलं. सातव्या फेरीपर्यंत नंबर होते. त्याखाली पान कोरं होतं. बाबा पेन हातात धरून समोर बघत बसले होते. काचेकडे, ट्रॅककडे नव्हे.

मी मचाणावरून उतरले आणि तिच्याकडे गेले. गाडीला काय केलंस, विचारलं. ती म्हणाली, “काही नाही. ॲक्सिलरेटरची केबल ढिली होती, ती ओढून घेतली. पेडल पूर्ण दाबलं तरी कार्बोरेटरची झडप पाऊणच उघडत होती. पण काम पक्कं होतं हो, मागे दुसरा नट घालून आवळलेलं. आणि वर लाल रेघ.” मग ती माझ्याकडे बघून थांबली. “तुला माहीत नव्हतं?”

मी म्हटलं, माहीत होतं. का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी सुट्टी होती. सकाळी बाबा स्वयंपाकघरात चहा टाकत होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि बाबांनी तो शब्द उचललाय. “परेसात साखर न्हाई,” म्हणाले. मी म्हटलं, “बाबा, केबल तुम्ही ढिली केलीत.”

त्यांनी गॅस बंद केला. “व्हय.”

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडले. म्हटलं, पाच वर्षं मी स्वतःला कुचकामी समजले. सगळ्या ट्रॅकवर संशय घेत फिरले. त्या पोर्टरवर सगळ्यांसमोर आळ घेतला, तेव्हा तुम्ही मागे पाना घेऊन उभे होतात. तुमच्या डोळ्यांदेखत मी एका भल्या माणसाला चोर म्हटलं!

“त्ये चुकलं,” बाबा म्हणाले. “लई चुकलं.”

“आणि बाकीचं?”

ते खुर्चीवर बसले. “डेपोत अपघाताची गाडी आली की तपासून लिवून द्यायचं काम माझ्याकडं व्हतं. बिरेक, स्टेरिंग, समदं. गाडी धुवायच्या आधी तपासाय लागायची.” त्यांनी समोरचा रिकामा कप सरळ ठेवला. “चालकाच्या बाजूनं आत शिरल्याबिगर बिरेक तपासता येत न्हाई, पोरी. तू त्या भिंतीवर गेलीस तवा माझ्या डोळ्यापुढं त्येच आलं.”

“मग मला सांगायचं ना, चालवू नको म्हणून.”

“ऐकली असतीस?”

“नाही.”

“मग?”

मी विचारलं, माइकसुद्धा तुम्हीच घडवून आणलात का? तेव्हा मात्र ते चिडले. “आवाज तुझा, डोळं तुझं. त्यात माझा काय बी हात न्हाई.” मी त्यांच्याकडे बघत राहिले. खरं बोलतायत का, हे बापाच्या तोंडाकडे बघून ताडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मंगळवारी थिएटरच्या दारात मी पोर्टरची माफी मागितली आणि सगळं सांगितलं. तो ट्रॉलीचा दांडा धरून ऐकत होता. मग म्हणाला, “मला माहीत होतं. इंजिन कधी पूर्ण उघडत नव्हतं, कानाला कळतं ते. त्या दिवशी मी केबलच बघत होतो.” मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, “बापलेकीच्या मधे मी कोण?” आणि पेशंटला घेऊन आत गेला. जाता जाता त्याने मला नावाने हाक मारली, दार धर म्हणून.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी जुन्या चालकांची एक हौशी शर्यत असते. किलकेनीवालीने आपणहून गाडी देऊ केली. मी बाबांना म्हटलं, गाडी तुम्हीच तयार करा. त्यांनी दोन दिवस ती तयार केली. रविवारी ट्रॅकवर त्यांनी पाने पुसून ठेवले आणि नेलपेंटची बाटली माझ्या हातात दिली, झाकण न उघडता. “खूण तू लाव.”

मी बोनेट उघडलं. झडप तपासायला दोन माणसं लागतात, एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने बघायचं. मी म्हटलं, “बाबा, आत बसा.” ते माझ्याकडे बघत राहिले. मग गुडघे धरत, वाकून, त्या लोखंडी पिंजऱ्यात शिरले. चालकाच्या बाजूने.

“दाबा.”

“दाबलं.”

“पूर्ण दाबा, बाबा.”

“पूर्ण हाय.”

झडप सताड उघडी होती. तरी मी पाना लावून नट आवळून पाहिला, केबल बोटाने ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा पेडल दाबायला लावलं. ते आतून सगळं बघत होते. मला रडू आलं, पण मी हात थांबवला नाही. बाहेर येताना ते म्हणाले, “बराबर केलंस. मी बी डेपोत कुणाच्या नुसत्या शब्दावर गाडी सोडत नव्हतो.” आणि वही घेऊन मचाणाकडे चालायला लागले. त्या दिवशी माइकवर जुना समालोचक होता. मी नटावर रेघ ओढली. ती वाकडी आली.

शर्यत दहा फेऱ्यांची होती. पहिल्या सरळ पट्ट्यावर मी पाय तळाला नेला आणि गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. ही गाडी मी कधी चालवलीच नव्हती. दुसऱ्या फेरीला मी तीन जणांना मागे टाकलं आणि आनंदाने हेल्मेटच्या आत किंचाळले. तिसऱ्या फेरीला वळण जवळ आलं, भिंत समोर आली, आणि माझा पाय वर आला. मी तो उचलला नव्हता, तो आला. पुढच्या फेरीला मी ठरवून दाबून धरला. त्याच जागी परत आला. शेवटपर्यंत येत राहिला. मी चौथी आले.

बाबा मचाणावरून उतरून आले तेव्हा मी हेल्मेट काढत होते. त्यांनी मला आधी नीट न्याहाळलं, हात, कोपर, मान. मग हळू विचारलं, “वळणाला पाय उचलत व्हतीस व्हय गं?”

“नाही,” मी म्हटलं. “मागची गाडी अडवत होती.”

ते बरं म्हणाले आणि पाणी आणायला गेले. वही बोनेटवर ठेवून गेले होते. मी ती उघडली. दहाच्या दहा फेऱ्या लिहिलेल्या होत्या, एकही सुटली नव्हती. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक ओळीत माझ्या नंबरापुढे बारीक ठिपका होता.